वाळूवरचा सातबारा

पौष लागला की गोंडांच्या मेश्राम कुळात निघायची लगबग सुरू होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली आणि पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधली ही माणसं एकाच देवाची, केसलापूरच्या नागोबाची. केसलापूर तेलंगणात, इंद्रवेल्लीजवळ आहे. पण कुळातली माणसं थेट देवळात जात नाहीत. आधी गोदावरी गाठायची. तिथं हस्तिनमडुगू नावाचा डोह आहे. त्याच डोहातून झारीत पाणी भरायचं आणि ते पायी, अनवाणी, ठरलेल्या वाटेनं, मुक्काम करत करत केसलापूरला आणायचं. वाटेत पाण्याला तोटा नाही, पण दुसरं कुठलंही पाणी चालत नाही.

अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं नागोबाची पूजा होते. कुळातल्या बायका माती कालवून वारूळ रचतात. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुना पांढरं लुगडं नेसून, पदर पुढं ओढून, थोरल्या बायकांच्या मागोमाग देवापुढं येतात. या भेटीला ‘भेटिंग’ म्हणतात. ती झाली की सून खऱ्या अर्थानं कुळात आली. पूजेचा मान मेश्रामांचाच. गोंडांची इतर कुळं जत्रेला येतात, दर्शन घेतात, पण झारी उचलत नाहीत.

आता आपला सातबारा आठवून पाहा. गाव नमुना सात सांगतो, जमिनीवर हक्क कुणाचा. नमुना बारा सांगतो, तिच्यात पीक कोणतं. मेश्रामांच्या या वाटचालीत कागद कुठंच नाही. तरीही कोणतं कुळ, त्याचा कोणता डोह, कोणती वाट, कोणतं वारूळ आणि कोणती सून, एवढ्या नोंदी दरवर्षी पायांनी पुन्हा केल्या जातात. मला तर हा सातबाराच वाटतो. तो तलाठ्याला वाचता येत नाही, एवढंच.

अशा न लिहिलेल्या सातबाऱ्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात घडली. ती समजली की पैनगंगेच्या काठावरचं पुष्कळ काही नव्यानं दिसू लागतं. म्हणून या प्रकरणात आधी तिकडं जाऊ आणि मग परत येऊ.

ऑस्ट्रेलियाच्या बरोबर पोटात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या. ही वस्ती सरकारनं वसवली. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी, अरेर्न्ते, अन्मचिर अशा वेगवेगळ्या भाषांचे लोक आपापल्या मुलखातून आणून इथं एकत्र ठेवले होते. घरं होती, रेशन होतं, शाळा होती. नव्हता तो मुलूख. पिंटुपींचा मुलूख तर पश्चिमेला कित्येक दिवसांच्या वाटेवर राहिला होता.

१९७१ साली या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा तरुण चित्रकला शिक्षक आला. त्याच्या लक्षात आलं की पोरं वर्गात सांगितलेली चित्रं काढतात, पण मैदानात खेळताना वाळूवर बोटांनी निराळंच काहीतरी रेखाटतात. एकात एक वर्तुळं, नागमोडी रेघा, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या खुणा. त्यानं विचारपूस सुरू केली, तेव्हा वस्तीतली वडीलधारी माणसं पुढं आली. त्यांनी आपसात बसून, कुणाच्या हक्काचं काय हे ठरवून, शाळेच्या भिंतीवर मधमुंगी या पूर्वजाची कथा रंगवली. पापुन्याची जागा मधमुंगीच्या वाटेवरच आहे. सरकारनं वस्ती जिथं बसवली, ती जमीन आधीच एका पूर्वजाची होती, हे त्या भिंतीनं मोठ्या अक्षरांत सांगितलं. तीन-चार वर्षांत शाळेनं ती भिंत चुना फासून बुजवली. पण तोवर माणसं फळ्यांवर, पत्र्याच्या तुकड्यांवर, हाती लागेल त्यावर रंगवू लागली होती. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ ही कंपनी काढली. ती आजही चालू आहे.

या चित्रांत काय असतं? वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे वाट. ‘यू’ म्हणजे मांडी घालून बसलेला माणूस. तो वाळूवरून उठला की मागं जो ठसा उरतो, तोच. शेजारी काठी असेल तर बाई बसली आहे, भाला असेल तर पुरुष. नागमोडी रेघ म्हणजे वाहतं पाणी, कधी साप. सगळं वरून पाहिल्यासारखं, नकाशासारखं. पण चित्राचा अर्थ एवढ्यावर संपत नाही. वार्लपिरी लोक ज्याला ‘जुकुर्पा’ म्हणतात, त्याची ही चित्रं. इंग्रजीत या शब्दाचं भाषांतर ‘स्वप्न’ असं झालं आणि त्यानं फार घोटाळा केला. जुकुर्पा म्हणजे झोपेतलं काही नव्हे. पूर्वज प्राण्यांच्या, माणसांच्या, पावसाच्या रूपात जमिनीवरून चालले. चालता चालता टेकड्या, डोह, खडक घडले. कायदा ठरला, नाती ठरली. आणि ते पूर्वज त्या जागांत अजूनही आहेत. हे सगळं मिळून जुकुर्पा. आपल्याकडं ‘हे या जागेचं दैवत’ म्हणताना दैवत आणि जागा वेगळी काढता येत नाही, तसंच काहीसं.

एखाद्या डोहाचं चित्र कुणीही उठून काढू शकत नाही. आणि माझ्या मते या कलेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. वार्लपिरींमध्ये ज्याला एखादी जागा बापाकडून आली तो तिचा ‘किर्दा’. ज्याची ती आईकडून, तो ‘कुर्डुंगुर्लु’. किर्दा मालक, विधीत नाचतो, त्याच्या अंगावर त्या जागेची खूण रंगते. पण ती खूण बरोबर रंगली की नाही, गाण्याचं कडवं चुकलं की नाही, हे पाहण्याचा अधिकार कुर्डुंगुर्लुचा. त्याच्या संमतीशिवाय मालकालाही आपल्या डोहाची गोष्ट मांडता येत नाही. एकाच्या हातात हक्क आणि दुसऱ्याच्या हातात राखण.

हे वाचताना आपल्याकडचे, गोंडांची कुळकथा गाणारे परधान आठवायलाच हवेत. गोंडांच्या प्रत्येक कुळाचा देव असतो, पेर्सा पेन, म्हणजे मोठा देव. त्याची खूण म्हणजे चवरी आणि भाल्याचं लोखंडी पातं. एरवी ती गाठोड्यात बांधून गावाबाहेर झाडावर ठेवलेली असते आणि पूजेच्या वेळीच उघडते. देव गोंडांचा, पण त्याची गोष्ट परधानाची. तीन तारांची किंगरी वाजवत परधान कुळाचा उगम गातो: पूर्वज कुठून निघाले, कोणती नदी कशी ओलांडली, कुठं भांडले, देव कुठं बसला. हे गायल्याशिवाय मोठ्या देवाची पूजा पुरी होत नाही. ख्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांत राहून हे सगळं बारकाईनं नोंदवलं. त्याचं पुस्तक १९४८ साली निघालं. त्यातली एक नोंद मराठी वाचकानं जपून ठेवावी अशी आहे. तिथले परधान घरात मराठी बोलतात आणि देवाचं गाणं मात्र गोंडीत गातात. आपल्या मायबोलीत संसार करणाऱ्या माणसांनी दुसऱ्या भाषेतला एका अख्ख्या समाजाचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राखला.

किर्दा-कुर्डुंगुर्लु आणि गोंड-परधान ही नाती सारखी नाहीत. तिकडं दोघं एकमेकांचे आप्त असतात. इकडं दोन वेगळे समाज आहेत आणि त्यांच्यात दाता-याचक असं उच्च-नीचही आहे. तरी एक गोष्ट समान आहे. मालक आणि साक्षीदार एकच असू नये, हे शहाणपण दोन्हीकडं आहे. आपण खरेदीखतावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतो, ती याच जातीची गोष्ट.

गोंडांच्या उगमाची मूळ कथाही जागेलाच बांधलेली आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा. देवांची पोरं या गुहेत कोंडली गेली, तोंडावर अजस्र शिळा. पहांदी कुपार लिंगो आला, संगीताचे सूर उठले, त्या सुरांनी पोरांच्या अंगात बळ आलं आणि शिळा ढळली. शिळेखाली हिरासुका नावाचा वादक चिरडला गेला. सुटलेल्या पोरांची चार, पाच, सहा आणि सात देवांची कुळं झाली. आजही आपल्या भागात गोंडांच्या सोयरिकीत ‘किती देवांचे?’ हा प्रश्न आधी विचारतात. देवांची संख्या जुळली तर ते भाऊबंद, मग लग्न जमत नाही. माघी पौर्णिमेला कचारगडला लाखोंची गर्दी लोटते. ज्यांचं गाव तिथून दोन-तीनशे किलोमीटरवर आहे, तेही ‘आमचं मूळ तिथलं’ म्हणतात.

आणि कोलाम? यवतमाळच्या झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत डोंगराच्या अंगाला कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची छोटी वस्ती. मधोमध चावडी असते. बांबूचे तट्टे, टोपल्या विणणारे हात घराघरात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. भीमायक हा त्यांचा मोठा देव. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित मानलं आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत. पण एका बाबतीत या लहानशा समाजाला राजवंशी गोंडही मान देत आले. डोंगराच्या, रानाच्या काही देवांची शांत करायची तर गोंड कोलाम पुजाऱ्याला बोलावतात. कारण साधं आहे: या जमिनीवर कोलाम आधीचे. जागेची जुनी ओळख ज्याला, जागेच्या देवाशी बोलायचा हक्क त्याचा. ज्या समाजाच्या नावावर जमीन सर्वांत कमी, त्याच्याकडंच जमिनीचा हा सर्वांत जुना हक्क आहे, हे वाचून मन अस्वस्थ झाल्याशिवाय राहत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य आज वाघांसाठी ओळखलं जातं. पर्यटक जीपमधून उतरतात, वाघ दिसला का एवढंच विचारतात. त्या नावात टिपाई देवी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सरकारी फलकावर आदिवासींच्या देवीचं नाव राहिलं आहे आणि ते आपल्याला वाचता येत नाही.

गाणं आहे, वाट आहे, गाठोड्यातला देव आहे; मग चित्र कुठं आहे, असं वाचक विचारील. महाराष्ट्रात ते सह्याद्रीच्या पलीकडं, पालघर जिल्ह्यात आहे. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक असतो. तो ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. शब्द त्यांचाच. कुडाच्या, शेणानं सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली काडी. लिहिणाऱ्या सवाशिणी. चौकोनाच्या आत पालघट देवी, झाडाझुडपांची आणि पिकाची आई. बाजूला पाच मस्तकांचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गात असते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाभोवती वारल्यांचा मुलूख येतो: झाडं, ताडावर चढणारा माणूस, मुंग्या, मोर, शेत. त्या भिंतीच्या मातीत त्याच शेताची माती आहे आणि रेघेत त्याच शेताचा तांदूळ.

वारली चित्र कागदावर आलं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे पापुन्याच्या अगदी त्याच सुमारास. दोन खंडांतल्या या घडामोडींना एकमेकींची खबर नव्हती. इकडं भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला पुपुल जयकर यांनी वारल्यांच्या पाड्यांवर पाठवलं. त्यांनी कागद आणि रंग नेले. तिथं गंजाडजवळच्या पाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे पुढं आले. चौक लिहिणं बायकांचं काम. एका पुरुषानं ती काडी हातात घेतली. पापुन्यात उलट घडलं: आधी पुरुषांनी रंगवलं आणि वाळवंटातल्या बायकांना स्वतःच्या नावानं कॅनव्हास मिळायला पुढची दहा-वीस वर्षं लागली. जिव्या म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

१९८९ मध्ये पॅरिसला एक गाजलेलं प्रदर्शन भरलं. तिथं युएंडुमूच्या वार्लपिरी पुरुषांनी जमिनीवर मातीचं भलं मोठं चित्र घातलं. गावातल्या विधीत घालतात तसं, बसून, वाकून. त्याच प्रदर्शनात जिव्या म्हसे यांची चित्रंही होती. दोघांचं बोलणं झालं की नाही, कुणास ठाऊक. पण वाळूवरची रेघ आणि भिंतीवरची रेघ त्या वर्षी एका शहरात पोहोचली होती.

बाजारात गेल्यावर दोघांपुढं एकच अडचण आली. जे चारचौघांना दाखवायचं नाही, ते विकायचं कसं? पापुन्याच्या सुरुवातीच्या फळ्यांवर विधीतल्या गुप्त खुणा उघड्या होत्या. त्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला मांडल्यावर शेजारच्या समाजांतले वडीलधारे संतापले. बायका-पोरांनी पाहू नये ते भर रस्त्यावर आलं होतं. मग चित्रकारांनी त्या खुणा गाळल्या किंवा त्यांच्यावर ठिपक्यांचे थर चढवले. आज जगभर ज्या ठिपक्यांवर लोक भाळतात, त्यांतले पुष्कळ ठिपके पडद्याचं काम करतात. वारल्यांनी केलेली निवड मला याच्याशी मिळतीजुळती वाटते. कागदावर मुख्यतः आलं ते तारपा या वाद्यावरचं नृत्य, भाताची लावणी, मासेमारी, गावगाडा. लग्नाचा चौक आपल्या जागी, भिंतीवर, लग्नापुरता राहिला. तिकडं ठिपके, इकडं तारपा. चित्र विकलं, देव विकला नाही.

पैशाचं सांगायलाच हवं. जॉनी वारंगकुला या पापुन्याच्या चित्रकारानं १९७२ मध्ये कालिपिन्पा या जागेचं, पावसाच्या जुकुर्पाचं चित्र रंगवलं. ते तेव्हा दीडशे डॉलरला गेलं. १९९७ च्या लिलावात त्याला दोन लाख सहा हजार डॉलर आले, आणि २००० मध्ये तेच चित्र चार लाख ८६ हजार पाचशेला विकलं गेलं. चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा द्यायचा, हा कायदा ऑस्ट्रेलियात २०१० पासून लागू झाला. वारंगकुला २००१ मध्ये गरिबीतच वारला होता. दुसरीकडं, २००० साली पिंटुपी चित्रकारांनी आपली चित्रं सिडनीला लिलावात काढली आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करून किंटोर या आपल्या गावी डायलिसिसचं केंद्र सुरू केलं. मूत्रपिंडाच्या आजारामुळं म्हाताऱ्यांना उपचारासाठी शहरात जाऊन तिथंच मरावं लागत होतं. त्यांना आपल्या मुलखात मरायचं होतं. किंटोर म्हणजे तेच गाव, जिथं पिंटुपी लोक १९८१ च्या सुमारास पापुन्या सोडून परतले.

आपल्याकडच्या साडीच्या पदरावर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर वारली माणसं नाचतात. ती पाहून आनंद होतो. पण वारल्यांची जमिनीची गोष्ट त्या नाचाइतकी सोपी नाही. १९४५ साली डहाणू-तलासरीच्या रानात वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यानं वाचलं आहे, त्याला तारप्याच्या वर्तुळात कोण माणसं नाचत आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही. केसलापूरच्या वाटेवरच्या इंद्रवेल्लीलाही २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या मागण्या घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या.

आता या प्रकरणातल्या सर्वांत मोठ्या चित्राकडं येतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला ग्रेट सँडी वाळवंट आहे. १९९२ मध्ये माबो खटल्याच्या निकालात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गोरे येण्याआधी ही भूमी कुणाची नव्हती, हे खरं नाही. १९९३ मध्ये मूळनिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला. वाल्माजारी, वांगकाजुंगा, मांगाला, जुवालिन्य या भाषा बोलणाऱ्या, त्या वाळवंटातल्या लोकांनी दावा लावला. पण न्यायाधिकरणापुढं इंग्रजीत, वकिलाच्या प्रश्नांना ‘हो-नाही’ करत, आपला मुलूख सांगणं म्हाताऱ्यांना जमेना. तेव्हा १९९७ मध्ये पिर्निनी नावाच्या जागी चाळीसहून अधिक चित्रकारांनी मिळून दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद कॅनव्हास रंगवला. आपला डोह, आपला पाणवठा ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं. त्याचं नाव ‘न्गुरारा’, म्हणजे आपलं घर, आपला मुलूख. सुनावणीत एकेक म्हातारा, एकेक म्हातारी उठली, कॅनव्हासवर चालत गेली, आपल्या डोहावर उभी राहिली आणि स्वतःच्या भाषेत बोलली. साक्षीदाराच्या पिंजऱ्याऐवजी पायांखाली मुलूख होता. निकालाला दहा वर्षं लागली. ९ नोव्हेंबर २००७ रोजी सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटर भूमीवर त्यांचा हक्क मान्य झाला. यवतमाळसारखे साडेपाच जिल्हे त्यात मावतील. तोवर चित्र रंगवणाऱ्यांपैकी बरेच जण हयात नव्हते.

हे आपल्याकडं होऊ शकतं का? कायदा आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो त्याहून पुष्कळ पुढचा आहे. २००६ चा वनहक्क कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याच्या २००८ च्या नियमांतला तेरावा नियम मात्र फार थोडे लोक वाचतात. वनहक्काच्या दाव्याला कोणता पुरावा चालेल, हे तिथं सांगितलं आहे. सरकारी कागद, नकाशे, पावत्या हे ओघानं आलंच. पण त्याच यादीत जुन्या विहिरी आहेत, दफनभूमी आहेत, पवित्र स्थळं आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही आहे. म्हणजे पोडाच्या कडेला भीमायकाचा दगड असेल तर तो दगड पुरावा आहे. परधानानं गायलेली कुळाची पायरी-पायरीची वाट उतरवून घेतली आणि जुन्या नोंदीतल्या नावाशी जोडता आली, तर त्या गाण्यालाही वंशावळ म्हणून पुराव्यात जागा आहे. याच कायद्यात कोलामांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी आणखी एक हक्क आहे, पर्यावासाचा. घराखालच्या गुंठ्यापुरता हा हक्क नाही. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावर राहिला, त्या सगळ्या मुलखाशी असलेलं नातं तो मान्य करतो. न्गुराराच्या म्हाताऱ्यांनी जे कॅनव्हासवर मांडलं, जवळपास तेच.

ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर हे एकदा घडून गेलं आहे. डोंगरिया कोंधांचा देव त्या डोंगरावर आहे. बॉक्साइटची खाण करायची की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावं, असं १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही.

आपल्या पोडांवर अडचण वेगळीच आहे. देवाचा दगड तिथंच राहील. डोहही राहील. पण कोणता दगड कुणाचा, कोणत्या वाटेनं पूर्वज आले, कोणत्या झाडाखाली मुक्काम केला, हे सांगणारी माणसं सत्तर-ऐंशीची झाली आहेत, आणि पोरं कापूस वेचायला, वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर गेली आहेत. किंगरी वाजवणारे हात कमी झाले. ऑस्ट्रेलियात चित्रानं जे काम केलं, ते यवतमाळात गाण्यानं आणि जबाबानं करावं लागेल, आणि त्याला कॅनव्हास लागत नाही. शाळेतली वही पुरते, मोबाइलवरचा आवाज पुरतो.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत झरी, मारेगाव, घाटंजी, केळापूरकडचे शिक्षक असतील, ग्रामसेवक असतील, वनहक्क समितीवरचे तरुण असतील. पोडावरच्या म्हाताऱ्याकडं, परधानाच्या घरी, एक दिवस काढून जा. आधी परवानगी मागा; जे सांगायचं नाही ते ते सांगणार नाहीत आणि तेही बरोबरच आहे. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख टाका, अंगठा घ्या आणि ग्रामसभेच्या दप्तरात लावा. सांगणारा स्वतः दावेदार नसेल, तर तेराव्या नियमाप्रमाणे तो कागद पुरावा आहे.